अक्कांनी धरलेली तारीख

अक्का डाळ निवडायला बसल्या की सुपात मुंबई मांडायच्या. तुरीच्या डाळीचा मोठा ढीग म्हणजे बोरीबंदर. तिथून बोटाने ओढलेली रेघ म्हणजे ट्रामचा रस्ता. सुपाची कड म्हणजे चौपाटी, आणि वेचून बाजूला काढलेले खडे म्हणजे राणीच्या बागेतली जनावरं. कुणी येऊन सूप हलवलं तर त्या खरोखर रागवायच्या. "झालं! बुडवली का माझी मुंबई?"

स्वतः अक्का चाळीसगावच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. धुळ्याला आमच्या घरी मुंबईहून कुणीही आलं की त्याला आधी चहा मिळे आणि मग अक्का समोर येऊन बसत. सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते कोर्टात कारकून होते. अशी उलटतपासणी कोर्टातही होत नाही, असं ते म्हणायचे. एकदा कपाशीच्या एका दलालाला अक्कांनी विचारलं, "ट्राममधून उतरताना आधी डावा पाय टाकायचा की उजवा?"

"जो पडेल तो," तो म्हणाला.

"म्हणजे तुम्ही मुंबई बघितलीच नाही," अक्का म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

अक्का माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सोनगीरच्या बाजूला एका खेड्यात त्यांना दिलेलं होतं. संसार कळायच्या आत नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या. येताना त्या घरची एकच गोष्ट त्यांनी बरोबर आणली होती, ती म्हणजे तिथली बोली. एरवी आमच्यासारखं बोलायच्या; पण मन हललं की खानदेशी तोंडात यायची. त्यांचा आवाजही तेव्हा बदलायचा. जणू आत कुणी वेगळीच बाई राहत होती आणि ती फक्त अशा वेळी दार उघडायची.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा फारशी बोलत नसे. वडील भुसावळला रेल्वेत होते, त्यामुळे माझी सगळी शाळा मिशनमध्ये, इंग्रजीतून झाली. सासरी साध्या साध्या शब्दांना अडायचं आणि चुकण्यापेक्षा मी गप्प बसायचे. सासूबाईंना तो गर्व वाटे. माझ्यासमोरच त्या शेजारणीला म्हणाल्या, "मडमेची शाळा शिकलेली आहे. आमच्याशी काय बोलेल?"

अक्का चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आई, ती शब्द शोधते आहे. सापडला की बोलेल."

त्या दिवसापासून मी अक्कांची झाले. दुपारी पुरुष बाहेर आणि सासूबाई निजलेल्या असताना आम्ही मागच्या पडवीत बसायचो. मी त्यांना अक्षरं शिकवली. माझ्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकातले नकाशे दाखवले. त्यांनी मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायला शिकवली, आणि सासूबाईंच्या कोणत्या बोलण्याला उत्तर द्यायचं नि कोणत्याला नाही, तेही. त्या घरात पूर्ण वाक्य मी फक्त अक्कांशी बोलत असे. यांच्याशीसुद्धा नाही. दिवसा नवऱ्याशी बोलायचं नाही आणि रात्री भिंतीपलीकडे आबा खोकत असायचे.

अक्कांचं आणखी एक काम होतं, ज्याबद्दल कुणी बोलत नसे पण ज्यावर घर चालायचं. घरातल्या बायकांचे दिवस त्या ध्यानात ठेवायच्या. कोण कधी बाजूला बसेल हे त्यांना आधी कळे आणि सत्यनारायण, केळवण, गावाला जाणं, सगळं त्याप्रमाणे मागेपुढे होई. आबा पंचांग उघडून मुहूर्त सांगायचे, मग अक्का दारातूनच म्हणायच्या, "तो नको, पुढचा बघा." आबा काही न विचारता पान उलटायचे. पंचांग आबांचं, पण तारीख अक्कांची.

लढाई सुरू होण्याच्या आधीच्या हिवाळ्यात मुंबईचा बेत निघाला. यांचा कॉलेजातला मित्र, नाईक, एका लग्नासाठी धुळ्याला आला होता. तो म्हणाला, "आमच्या ऑफिसात एक जागा आहे. साहेबांशी घरी गाठ घालून देतो." त्याची बहीण गिरगावात मुलींची शाळा चालवत होती आणि तिला इंग्रजी शिकवणारी बाई हवी होती. "पण माझी बहीण प्रत्यक्ष भेटल्याशिवाय कुणाला घेत नाही. वहिनींना यावं लागेल." एकट्या पगारात मुंबईत खोली घेऊन राहणं शक्य नव्हतं. दोघांच्या पगारात शक्य होतं. म्हणजे सगळं माझ्या जाण्यावर होतं.

नवराबायकोने उठून मुंबईला जायचं हे आमच्या घरात बोलायचीसुद्धा सोय नव्हती. तेव्हा अक्का पुढे झाल्या. खोलीचं आणि शाळेचं मी त्यांना सांगितलं होतं. यांनीही सांगितलं होतं की अक्कांशिवाय हे जमायचं नाही. अक्कांना सासूबाईंचा मुंबईच्या महालक्ष्मीचा जुना नवस आठवला. दिनूच्या, म्हणजे यांच्या, टायफॉइडच्या वेळी बोललेला, अजून फेडलेला नव्हता. दोन दिवसांत सासूबाईंना तो स्वतःलाच आठवल्यासारखा झाला. नाताळची सुट्टी, कोर्ट बंद. सासूबाईंचे मावसभाऊ गिरगावातच राहत. ठरलं, सगळ्यांनी जायचं.

मग सुपातल्या मुंबईला जोर आला. "पहिल्या दिवशी देवी. आईला मी जपाला बसवते, ती उठायची नाही. आबा मामांशी गप्पा मारतील. तेवढ्यात तुम्ही दोघं त्या शाळेच्या बाईकडे जाऊन या. संध्याकाळी चौपाटी." त्यांनी सुपाच्या कडेला दोन दाणे वेगळे ठेवले. "हे तुम्ही. आम्ही सगळे इकडे, वाळूत. तुम्ही पाण्याकडे चालत जा. तिथं हात धरला तरी कुणी बघत नाही म्हणतात."

"अक्का!"

"मी कुठं बघणार आहे? मी समुद्र बघणार."

मी हसले, आणि ते दोन दाणे उगीचच थोडे जवळ सरकवले. त्यांनी ते पाहिलं.

तारीख अर्थात त्यांनीच धरली. मी मनात मोजलं. सासूबाई पाणी आणायला गेल्यावर मी सांगितलं, "अक्का, ही तारीख नेमकी माझी येते."

त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, "मन्हा ध्यानमा बठ्ठं शे, सगळं मोजलं आहे. सुट्टीत दुसरा दिवस बसत नाही. आली तर आली. तू तोंड उघडू नको. मी शे ना."

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. शाळेत आम्हा मुलींना ते शिवाशिवीचं कुणी शिकवलंच नव्हतं. सासरी आल्यावर मी फक्त रीत म्हणून पाळत होते. अक्का मात्र ती मनापासून पाळायच्या. माझ्यासाठी त्या ती मोडायला तयार आहेत, एवढंच मला त्यातून कळलं, आणि डोळे भरून आले.

जायच्या दिवशी पहाटे न्हाणीत मला कळलं. मी बाहेर येऊन अक्कांच्या कानात सांगितलं. त्या चुलीतलं लाकूड सारत होत्या. "गप राहा," त्या म्हणाल्या. "जा, नवं पातळ नेस."

टांगा दारात आला. अक्कांनी स्वतःचं गाठोडं सगळ्यांच्या आधी आत ठेवलं होतं. त्यांचं लुगडंही घडी मोडलेलं नवं होतं. आबा पुढे बसले. सासूबाईंनी देवीच्या ओटीची टोपली उचलली, नारळ, खण, हळदकुंकू, आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, ही तू मांडीवर धर."

मी हात पुढे केले.

"आई, तिच्या हातात नको देऊ." अक्का ओट्यावर उभ्या होत्या. "तिला कावळा शिवला."

सासूबाईंनी टोपली छातीशी ओढली आणि दोन पावलं मागे झाल्या. "कधी? रात्री पाणी हिनंच भरलं ना?"

"आत्ताच. आत्ता मला म्हणाली. घरात कशाला शिवली नाही." हे खोटं होतं. मला बोलणी बसू नयेत म्हणून त्या खोटं बोलल्या. आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

मी अक्कांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. सासऱ्यांसमोर, टांगेवाल्यासमोर, काय बोलणार होते मी? आबा आपले घोड्याच्या कानांकडे बघत होते.

"आता हिच्याजवळ कोण?" सासूबाई म्हणाल्या.

"मी राहते," अक्का म्हणाल्या. खाली उतरल्या, टांग्यातून स्वतःचं गाठोडं काढलं आणि आत नेऊन ठेवलं.

हे दाराशी आले. कुणाला कळू नये म्हणून इंग्रजीत म्हणाले, "आपण पुन्हा जाऊ." मग आबांनी हाक मारली, "दिनू, गाडी चुकेल," आणि ते चढले. टांगा वळेपर्यंत मी उभी होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मागच्या पडवीत, जिथे आम्ही दुपारी नकाशे बघायचो, तिथे मी घोंगडी टाकून बसले. अक्कांनी त्या दिवशी भरीत केलं, भरताची हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, वरून कांद्याची पात, जसं मला आवडायचं तसं. ताट लांब ठेवून त्यांनी माझ्याकडे सरकवलं. मी हात लावला नाही. त्या उंबऱ्याच्या आत बसून राहिल्या. ताटावर माशी बसली की पदराने हाकलायच्या.

"खाई ले," शेवटी म्हणाल्या.

"तुम्ही पहाटे मला गप्प राहा म्हणालात."

"म्हणाले."

"तारीख धरली तेव्हाच हे ठरवलं होतंत?"

त्या बोटाने जमिनीवर रेघ ओढत राहिल्या. "हो."

"मग इतके दिवस ते सगळं कशाला? बोरीबंदर, चौपाटी, ते दोन दाणे?"

"ते खरं होतं."

"काय खरं होतं?"

"तू जायला पाहिजे असं वाटायचं. रोज वाटायचं. संध्याकाळ झाली की नाही वाटायचं." मग त्यांचा तो दुसरा आवाज आला. "दिनू आला असता सणावारी, पिशवी घेऊन. तू नसती आली, इंदू. तू गयी तं मी कोनासंगे बोलू?"

"आणि तुमचा समुद्र?"

"राहिला."

एवढंच. डोळ्यांत पाणी नाही, माफी नाही. जन्मभर ज्याच्यासाठी जीव टाकला तो समुद्र त्यांनी टांग्यातून गाठोडं काढावं तसा खाली उतरवून ठेवला होता, मी इथून हलू नये म्हणून. हे कळल्यावर माझा राग निवायला हवा होता. तो आणखी चढला. माझ्या वाईटावर असलेल्या माणसाने हे केलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. इथे मला बांधणारी दोरी मायेची होती, आणि ती सोडवायला कुणाकडे जायचं ते मला माहीत नव्हतं.

मंडळी परत आली. सासूबाई खुशीत होत्या. ओटी भरून झाली होती. यांनी मला एक शिंपल्यांची डबी दिली. मी विचारलं, "नाईकांच्या साहेबांना भेटलात?"

"आई-आबा बरोबर. वेळच झाला नाही," हे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मोकळा होता. कदाचित जाण्यापूर्वीपेक्षा जास्त मोकळा. मुंबईची खोली आमची दोघांची आहे असं मी समजत होते. ती बहुधा माझ्या एकटीचीच होती. शाळेने दुसरी बाई नेमल्याचं पुढे नाईकांकडून कळलं.

मी अक्कांशी भांडले नाही. "मीठ द्या," "आबांचं पाणी तापलं का," "पाहुणे किती" एवढं बोलायचे. भूगोलाचं पुस्तक ट्रंकेत ठेवून दिलं. दुपारी मी माझ्या खोलीत पडून राहायचे आणि त्या पडवीत एकट्या डाळ निवडायच्या. पहिले काही दिवस त्या मला हाक मारायच्या, "इंदू, ये ना." मग हाक मारायचं सोडलं. ज्या बोलण्यासाठी त्यांनी मला ठेवून घेतलं, ते बोलणं मी त्यांना दिलं नाही. सासूबाई एकदा म्हणाल्या, "ही पुन्हा गर्वावर गेली." या वेळी अक्का काही म्हणाल्या नाहीत.

लढाई संपायच्या सुमाराला त्यांना विषमज्वर झाला. सेवा मी केली. पथ्याचं पाणी, ओल्या पट्ट्या, कूस वळवणं. त्यात मी कसूर केली नाही आणि त्यात मी बोललेही नाही. त्या गेल्या त्याच्या आदल्या दुपारी शुद्धीवर होत्या. मी कपाळावरची पट्टी बदलत होते, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता.

"राग शे ना अजून?"

खोटं बोलायला ती वेळ चांगली होती. कुणीही बोललं असतं.

"आहे," मी म्हणाले. "तुम्ही मला फसवलंत, अक्का. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी विसरले असते. मी या घरात फक्त तुमच्याशी बोलत होते. ते तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही केलंत."

माझा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत एवढं सलग मी त्यांच्याशी बोलले नव्हते. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं झोप लागली, म्हणून मी मनगट सोडवायला गेले.

"आज तू बोलनी तरी," अक्का म्हणाल्या.