पडद्यावरचं पडणं

आधी ऐकू आला तो श्वास. व्हायोलिनच्या सुरांखालून येणारा, धाप लागलेला, घामेजलेला श्वास. एका अभिजात बॅलेचा आजच्या काळात नव्यानं रचलेला चित्रपट आम्ही दोघी बहिणी अकोल्याला ताईच्या घरी पाहत होतो. बाहेर दिवाळीनंतरचं कोवळं ऊन अंगणात वाळत घातलेल्या मुगवड्यांवर पसरलं होतं. मूळ बॅलेतली नायिका म्हणे षोडशी, चवड्यांवर तरंगणारी, प्रेक्षागृहातून लांबूनच न्याहाळायची. इथे मात्र पन्नाशीची एक स्त्री बंद पडलेल्या गिरणीत अनवाणी नाचत होती, आणि कॅमेरा थेट तिच्या भेगाळल्या टाचांपाशी जाऊन बसला होता. सौंदर्य इतक्या जवळून पाहावं का हो? मला आपलं वाटतं, लांबून दिसतो तो डौल, जवळून दिसतात ते कष्ट. आणि माया जडते ती कष्टांवरच.

ताई म्हणजे कवायतीच्या बाई. जन्मभर शाळेच्या मैदानावर तिनं मुलींना ताठ उभं राहायला शिकवलं. गुडघ्यांची शस्त्रक्रिया होऊन चार महिने झाले. डॉक्टर म्हणतात, गुडघे उत्तम आहेत, आता वॉकर सोडा. पण ही सोडील तर शपथ. मी दर रविवारी अमरावतीहून येते, तिची समजूत घालते, आणि ती अडखळत चालू लागली की तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून खिडकीबाहेर पाहते.

नाचता नाचता पडद्यावरची ती स्त्री पडली. चक्क आपटली.

"हे कापलं काहून नाही त्यायनं?" ताईनं विचारलं.

"मुद्दामच ठेवलं असन."

"मांगं घे बरं."

मी मागे घेतलं. एकदा, दोनदा, चारदा. उठताना तिनं आधी तळहात टेकला, मग एक पाय, मग दुसरा. तिला घाई नव्हती, लाजही नव्हती, आणि कॅमेरा जागचा हलत नव्हता.

मग ताईनं टीव्ही बंद करायला लावला.

"मले पडाचं भेव नाही वाटत," ती म्हणाली. "मी चालाले लागली का तू तोंड फिरवते. त्याचं वाईट वाटते."

ज्याला मी इतके दिवस नाजूक माया समजत होते, ते तिला असं दिसत होतं तर.

तिनं वॉकर बाजूला सारला आणि ती स्वयंपाकघराकडे निघाली. तिसऱ्याच पावलाला झोक गेला. माझा हात पुढे झाला, तो मी आवरला. डोळे भरून आले होते, तरी मी पाहत राहिले.