गोटी धरणारं सूत

अख्ख्या सोलापुरात बोटांनी विचार करणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, म्हणून मीही त्यांना सरच म्हणे. आपल्या स्नायूंत म्हणे एक प्रोटीन असतं, ते कॅल्शियम पकडतं. कसं, हे दाखवायला सर उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी फाकवून धरत. ती बोटं पुढे मिटतच नसत. नवी पेठेत एकदा भर गर्दीत असेच थबकले, तर पानवाल्यानं बोटावर चुना टेकवला. सर खूश! "बरोबर हाय की! चुन्यातबी कॅल्शियमच असतंय!" सासुरवाडीच्या सत्यनारायणाला पिशवीत मासा घेऊन आले होते. सासूबाई किंचाळल्या, तर म्हणाले, "खायला न्हाय आणला, शिकायला आणलाय. ह्येच्या अंगात ते प्रोटीन लई असतंय." मी मागच्या दारानं सटकलो. कारखानदार माणूस मी, अक्कलकोट रोडला टॉवेलाचे आठ माग. असला साडू चारचौघांत दाखवायचा कसा?

त्यांचं म्हणणं एकच होतं. पुस्तकात प्रोटीनचं चित्र असतं ते स्फटिकातलं, गप बसलेलं. पाण्यात ते गप बसत नाही. "फोटोतला माणूस हलतो व्हय, पाव्हणं? म्हणून काय तो घरीबी हलत न्हाय?" ते पटवायला त्यांनी माझ्याच कारखान्यातलं जाड सूत नेलं, मणी ओवून चार जागी वळसे दिले आणि ती माळ पाण्याच्या बरणीत सोडली. कॅल्शियम म्हणून वरून गोटी टाकली की ती वळशात अडके, आणि सगळी माळ कूस बदलल्यासारखी फिरे. खोटं कशाला बोलू, बघत राहावंसं वाटे.

मग बंगळूरचे एक मोठे शास्त्रज्ञ कॉलेजात तासभर थांबणार असं कळलं. त्यांना पटलं तर सरांना वर्षभर त्यांच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. सरांनी दहा वर्षं त्याची वाट पाहिली होती. आदल्या दिवशी बरणी सांभाळायला माझ्याकडे आली. ती लोंबती, विस्कटलेली माळ बघून माझा जीव कासावीस झाला. आमच्या धंद्यात सुताला खळ, म्हणजे पिठाची पेज, दिल्याशिवाय ते मागावर चढवत नाहीत. मी माळ बाहेर काढली, चांगली दाट खळ दिली, ताणून वाळवली. कशी ताठ, देखणी झाली! सकाळी कोरड्या बरणीत घालून कॉलेजात पोचती केली आणि बघायला तिथंच थांबलो. सरांना बोललो नाही. म्हटलं, बघून खूश होतील.

पाहुण्यांसमोर सरांनी बरणीत पाणी ओतलं, गोटी टाकली. माळ काठीसारखी उभीच. गोटी आपटून तळाशी गेली. सरांनी चमच्यानं ढवळलं, तर खळ सुटून पाणी ताकासारखं पांढरं झालं. पाहुणे वाकून म्हणाले, "यात बघायचं काय?" कुणीतरी हसलं. सरांनी पाण्याचा वास घेतला. मग एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझंच चुकलं. तयारी कमी पडली." मी मान खाली घालून उभा. 'खळ मी दिली' एवढंच म्हणायचं होतं. ते सोडून मी टेबलावर सांडलेलं पाणी पुसायला लागलो, लाज वाटते सांगायला.

पाहुणे गेल्यावर सरांनी तीनदा पाणी बदललं. माळ सैल झाली, गोटी अडकली. "बघा की पाव्हणं, हलतंय!" असे ओरडले, जणू काही झालंच नव्हतं. बंगळूरहून पत्र काही आलं नाही. घरात कुणी विचारलं तर सर तेच सांगत, माझंच चुकलं.

सरांच्या शेवटच्या दुखण्यात मी माफी मागायचं ठरवूनच गेलो होतो. बोलणं थांबलं होतं त्यांचं, पण उजवा हात चादरीवर तसाच, बोटं फाकलेली. मी माझं बोट त्यांत ठेवलं आणि म्हणालो, "सर, ती खळ..." त्यांनी हळूच बोट धरलं.