पहिल्या रांगेतला फितूर

हवालदार फौजेतून निवृत्त झाले, पण त्यांची हवालदारकी काही निवृत्त झाली नाही. चादरीची घडी वाकडी दिसली तरी त्यांचं डोकं फिरे. बायको म्हणे, "अहो, हे घर आहे, बराक नव्हे!" पोटापाण्यासाठी ते बसगाड्यांच्या वर्कशॉपच्या फाटकावर बसत, आणि आतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात चोरलेला पाना आहेच, अशा नजरेनं बघत.

सरकारी इस्पितळ बंद करून जागा विकायचं ठरलं. त्याविरुद्धच्या आंदोलनात हा माणूस उतरला तो सुनेपायी. सून तिथे नर्स, आणि मोर्चात सगळ्यांच्या पुढे. लाठी पडलीच तर आधी तिच्यावर पडणार, या विचारानं हवालदारांच्या घशाखाली घास उतरेना. मग त्यांनी ओळखीपाळखीचे माजी सैनिक गोळा केले. छातीवर पदकं लावून ही म्हातारी मंडळी पहिल्या रांगेत उभी राहू लागली. पदकांवर लाठी उगारायला पोलिस कचरत. म्हाताऱ्यांचे गुडघे कुरकुरत, पण रांग सरळ असे.

आणि मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. मोर्चा ज्या रस्त्यानं निघायचा, तिथे पोलिसांचे अडथळे आधीच हजर. रस्ता बदलला तरी तेच. कुणीतरी आतली बातमी बाहेर पोचवत होतं.

हवालदारांचा संशय नव्यानं आलेल्या एका ढेरपोट्यावर गेला. पलटणीत स्वयंपाकी होतो, असं तो सांगे; म्हणून सगळे त्याला लंगरी म्हणत. रांगेत चालताना त्याचा पाय चुके. वर नको तितक्या चौकशा.

"उद्या किती माणसं येणार, हवालदारसाहेब?"

"तुला कशाला हव्यात भानगडी?"

"चहा किती जणांचा टाकायचा, ते नको कळायला?" लंगरी हसला.

हवालदारांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांदेखत ते गरजले, "कढया ढवळणाऱ्याला पदक कोण देतं रे? कुठल्या बाजारात घेतलंस?"

लंगरीचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं पदक काढून खिशात घातलं आणि तो निघून गेला.

"बाबा, पुरावा काय?" सून कळवळून म्हणाली.

"माझी नजर. अजून काय हवं?"

आता गुपित घरातच ठेवायचं ठरलं. हवालदार इस्पितळाच्या पुढच्या फाटकावर पोलिसांना गुंतवणार आणि सून नर्सना घेऊन मागच्या धोबीखान्यातून आत शिरून ठिय्या मांडणार. हे सासरा-सुनेखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. नर्सनाही दारात पोचल्यावरच कळणार होतं.

त्या संध्याकाळी पलटणीतल्या जुन्या साहेबांचा फोन आला. आंदोलन सुरू झाल्यापासून ते रोज मायेनं चौकशी करत. हवालदार उठून ताठ उभे राहिले. इतकी वर्षं साहेबांना संध्याकाळचा रिपोर्ट दिलेला. तोंडाला सवयच जडली होती. तब्येत ठीक, लंगरीला हाकललं, उद्या सून धोबीखान्यातून आत जाणार. साहेब "शाबास" म्हणाले. हवालदारांची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोबीखान्याच्या दारात पोलिसांची गाडी उभीच होती. सुनेला आणि तिच्या मैत्रिणींना उचलून नेलं. हवालदार घरी येऊन खुर्चीत कोसळले. बायकोनं पाणी पुढे केलं, तर तिच्याकडेही त्यांनी संशयानं पाहिलं.

"तू शेजारी काही बोललीस?"

"मला सांगितलंत तरी कधी?" ती रडत म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते. हवालदार उभे राहिले. सुनेबद्दल त्यांनी अजून कुणालाच कळवलं नव्हतं.

"सूनबाईंची काळजी करू नका, हवालदार," साहेब जिव्हाळ्यानं म्हणाले. "तिला धक्का लावायचा नाही, हे मी काल संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. बरं, उद्याचा काय बेत?"

हवालदारांच्या पायाखालची जमीन सरकली. लंगरीचा उतरलेला चेहरा डोळ्यांसमोर आला आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन आपटावा, शिवी हासडावी, असं मनात उसळून आलं.

"जी साहेब," ते म्हणाले. टाचा अजून जुळलेल्याच होत्या.