गणूजी मिस्त्रींची उत्तरेची ओसरी

नव्या जागेवर आले की गणूजी मिस्त्री पहिला दिवस काहीच बांधत नसत. मधोमध एक काठी रोवायची, बाजूला बसायचं आणि सावली सरकेल तसे खडे मांडत जायचं. अकोल्यात तेव्हा सगळ्यांनाच घाई सुटली होती. दूरदेशी कुठं तरी लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. ज्याच्या त्याच्या दारात विटा पडल्या. मालक चुळबुळ करू लागला की गणूजी म्हणत, "घर तुमचं हाये मालक, पण ऊन तुमचं नाही. ते कुठून येते, पाहू तर द्या."

त्यांच्या हातची घरं ओळखू येत. पश्चिमेची भिंत जाड, जवळजवळ मुकी. उत्तरेला मोठ्या खिडक्या. दक्षिणेला दार नको म्हणून लोक अडून बसत. गणूजी वाद घालत नसत. तिकडे खिडकी काढत आणि वर छप्पर हातभर पुढे घेत. हिवाळ्यात ऊन पार चुलीपर्यंत येई, वैशाखात मात्र बाहेरच थांबे.

मी तेव्हा पंतोजी होतो. देवळामागच्या कोंदट खोलीत पोरं पाटीला नाक लावून अक्षरं काढत. एका अडत्याने आपल्या नव्या इमारतीतली उत्तरेची खोली शाळेला द्यायचं कबूल केलं. गणूजींनी ती फार जीव लावून बांधली. ती होईपर्यंत अडत्याचं मन फिरलं. कापसाची प्रत पारखायला सारखा, न झगझगणारा उजेड लागतो आणि तो नेमका त्या खोलीत होता. शाळेसाठी त्याने पश्चिमेची बिनखिडकीची कोठी दाखवली. मी मान खाली घालून उभा राहिलो.

गणूजी शांतपणे म्हणाले, "कापसाले उजेड लागते, पोराईले नाही लागत काय?"

गणूजींनी थापी आणि ओळंबा पिशवीत टाकला, उरलेलं काम तसंच सोडलं आणि मला थेट आपल्या घरी नेलं. त्यांच्या उत्तरेच्या ओसरीत त्यांची बायको सारजाबाई गोधडी शिवत होत्या. उन्हाळ्यात सारं घर त्या ओसरीतच असे. उद्यापासून पोरं इथं बसतील, असं गणूजींनी सांगितलं. सारजाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि गोधडी उचलून माजघरात गेल्या. पुढं त्या तिथंच, दिव्याशी शिवत बसत.

तेजी ओसरली, बांधकामं थांबली. वर्षानुवर्षं उडणाऱ्या चुन्याने गणूजींचे डोळे तोवर खाल्लेच होते. ते माजघरात बसून पोरांचे पाढे ऐकत. शाळा सुटली की मला विचारत, "शेवटच्या रांगेतल्याले नीट दिसून राहिलं ना?"

अखेरच्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले. माजघरात वारा नव्हता. मी म्हटलं, शाळा काही दिवस देवळामागे नेतो, तुमची बाज ओसरीत टाकू.

ते म्हणाले, "मले आता साऱ्या दिशा सारख्याच, पंतोजी. पोराईले हालवू नका."

चौथ्या दिवशी ते गेले. मी शाळा बंद ठेवली. त्या घरात पुन्हा पोरं नेण्याचा मला धीर होईना. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी सारजाबाई माझ्या दारात आल्या. हातांना सारवणाचं शेण तसंच होतं.

"ओसरी वाळून राहिली," त्या म्हणाल्या. "पोरं काहून आली नाहीत?"