मामाचा उतारावरचा प्लॉट

माझा मामा शिंपी. कापडाची बोटभर चिंधीही तो टाकत नाही. घरातल्या सगळ्या उशा उरलेल्या तुकड्यांनी भरलेल्या. अशा माणसानं ट्रकच्या ट्रक माती फुकट देऊन टाकली, हे मला अजून पटत नाही.

मामीला अर्धांगाचा झटका आला तेव्हा दोघं तिसऱ्या मजल्यावर राहत होते, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. तिचं बोलणं परत आलं, हात परत आला, डावा पाय मात्र फरफटत राहिला. सपाट जमिनीवर ती चालायची, पण पायरी आली की पाय उचलतच नसे. दवाखान्यात न्यायचं तर दोन माणसं तिला खुर्चीसकट उचलून खाली आणत आणि ती डोळे मिटून घेई. सामान असल्यासारखं वाटतं, असं मला एकदा म्हणाली. तिनं मामाकडे एकच मागितलं, एकही पायरी नसलेलं घर.

मामानं गावाबाहेर प्लॉट घेतला. उतारावरचा, म्हणून स्वस्त. बाजूचा रस्ता चढत जातो तशी जमीनही चढत जाते. मी म्हटलं, मामा, इथं गोटी ठेवली तर थेट नाल्यात जाईल. तर म्हणे, सपाट करायला असा कितीसा खर्च येतो! ज्याला काही माहीत नसतं तोच इतक्या खात्रीनं बोलतो. खालच्या अंगाला त्याला स्वतःचं दुकान काढायचं होतं. जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात मशीन चालवून तो विटला होता.

ठेकेदाराचे पैसे वाचवायला मामानं स्वतःच जेसीबी बोलावला. उंच भाग कापला की झालं काम, असा त्याचा हिशेब. मातीचा ढीग उभा राहिला, तेवढ्यात एक ट्रकवाला आला आणि म्हणाला, मी उचलतो, एक पैसा देऊ नका. मामा हवेत. ट्रकवाल्याला वरून चहाही पाजला.

मग घर बांधायला ठेकेदार आला आणि त्यानं पहिलंच विचारलं, माती कुठाय? वरची कापलेली माती खाली भरायची असते. आता खालच्या भागासाठी मुरूम विकत आणा, तो दाबायला रोलर आणा, तो घसरू नये म्हणून भक्कम भिंत बांधा. आकडा प्लॉटच्या किमतीपुढे गेला. मामानं कपाळाला हात लावला आणि घरी मूग गिळून बसला. प्लॉट विकून टाकावा असंही त्याच्या मनात आलं.

मामीनं मला खोदून विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, चहासकट. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. संध्याकाळी मामा आला तसं तिनं विषय काढला.

"अहो, वरचा भाग झालाय ना सपाट? मग बांधा तेवढ्यावर."

"दोनच खोल्या होतील अगं."

"खोल्या किती, ते मी विचारलंय का?" मग म्हणाली, "दुकानाचं मात्र तुम्हीच ठरवा. ते तुमचं आहे."

मामानं रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी त्याचे डोळे लाल होते. दोन खोल्या बांधू म्हणाला, मशीन पुढच्या खोलीत ठेवू. त्याला वाईट वाटलं होतं आणि त्यानं ते लपवलंही नाही. मला त्याचा तेव्हा फार अभिमान वाटला, पण बोलले नाही. लगेच डोक्यावर बसला असता.

घर झालं. जिथं रस्ता आणि कापलेली जमीन एका पातळीवर येतात, तिथं फाटक लावलं. खालचा उतार तसाच आहे, गवत माजलंय.

परवा गेले तर मामा एकटाच ब्लाउजला काजं करत बसला होता. मामी कुठाय, विचारलं.

"काय माहीत! सांगून जाईल तर ती कसली. तासभर झाला असेल."

मी बघून येऊ का म्हटलं, तर त्यानं मानही वर केली नाही.

"बस गं तू. येईल आपली आपण."