जागेची पसंती आणि मूठभर डाळ

जागा पसंत करायला निघालेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण जागा नापसंत करण्यात आमच्या व्याह्यांचा हात धरील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढची पस्तीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात लेथवर गेली. त्यामुळे गोड लिहायला मला जमत नाही, जे आहे ते सांगतो. ह्या माणसाने मला फार छळलं आहे.

व्याही मूळचे देवळ्याकडचे. लासलगावच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे कांदा पारखायला होते. ट्रॅक्टर भरून माल आला की हे ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून तळातला एक कांदा काढायचे, तो बुक्कीने फोडायचे, हुंगायचे आणि सगळ्या ट्रॉलीचं भविष्य सांगून मोकळे. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. आमच्या मुलीला बघायला आले तेव्हाही पोह्यांना हात न लावता आधी आमच्या मोरीचा नळ सोडून पाहिला. मनापासून काही पसंत पडलं तरच त्यांच्या तोंडून घरची अहिराणी निघते. त्या दिवशी ती निघाली. "पोर गुनी शे," म्हणाले, आणि सोयरीक जमली. त्यानंतर कित्येक वर्षं मी ती पुन्हा ऐकली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका शाळेची मोडीत निघालेली छोटी बस घेतली. बाकं काढून दोन फळ्यांचे पलंग ठोकले, एका कोपऱ्यात शेगडी, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी. म्हणे, चाकावरचं घर. बाहेरचा पिवळा रंग तसाच ठेवला, त्यामुळे सिग्नलला अजूनही पोरांच्या आया हात करतात. खिडक्यांना पडदे माझ्या बायकोने शिवून दिले, स्वतःच्या दोन जुन्या साड्या फाडून. पडदे शिवता शिवताच ती व्याह्यांना म्हणाली, "नाना, एकदा धरणाच्या काठाला तंबूत झोपायचंय मला. आणि सकाळी उठल्यावर चहा दुसऱ्या कुणीतरी हातात द्यायचा." चाळीस वर्षांच्या संसारात तिने मागितलेली ही पहिलीच चैन. व्याही छातीवर हात ठेवून म्हणाले, "विहीणबाई, जागा मी शोधतो. तुम्ही निर्धास्त राहा."

तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

आता नाशिकच्या आसपास तंबूच्या जागा काय थोड्या आहेत? त्र्यंबक रस्त्याला आहेत, इगतपुरीकडे आहेत, दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत आहेत, धरणाच्या फुगवट्यावर तर ओळीने आहेत. लोक फोनवर फोटो बघतात, पैसे भरतात, जाऊन झोपतात. आमचे व्याही आधी जागेवर जाणार, आणि मला बरोबर नेणार. गेल्यावर पहिलं काम म्हणजे टोपी काढून जमिनीवर उताणं पडायचं. डोळे मिटून हातपाय पसरायचे आणि जमिनीचा उतार पाठीने जोखायचा. एकदा इगतपुरीकडे हे असे पडलेले पाहून तिथला मालक घाबरला. फिट आली समजून धावत आला आणि फोडलेला कांदा ह्यांच्या नाकाला लावला. ह्यांनी डोळे उघडले नाहीत. पडल्या पडल्याच म्हणाले, "कांदा ओला हाय. कांदाचाळीत भरू नका, महिन्यात सडंल." मालकाने कपाळाला हात लावला. जागाही नापास झाली, कारण डोकं पायांपेक्षा दोन बोटं खाली येत होतं.

मग संडास. बायाबापड्या जाणार म्हणून त्याची कडी दहा वेळा लावून बघायची, आणि मॅनेजरला आत कोंडून बाहेरून विचारायचं, "उजेड येतो का? फटीतून मी दिसतो का?" एक मॅनेजर आतून ओरडत होता, "काका, कडी अडकली!" व्याही मला म्हणाले, "बघा, म्हणून तपासावं लागतं." मग बस वळवायची. एका दमात वळली नाही तर जागा बाद. मग आजूबाजूच्या शेतकऱ्याला गाठून साप कुठे निघतो, वारा कुठून येतो, शेजारच्या तंबूतलं गाणं किती वाजता बंद होतं, हे सगळं विचारायचं. त्या शेतकऱ्याची तीन भावंडं आणि दोन वाटण्याही त्यात निघायच्या.

हे सगळं मी सोसलं असतं. पण शेवटी डाळ यायची. खिशातून रुमालाची गाठ काढायची, त्यातली मूठभर तुरीची डाळ पातेल्यात टाकायची, त्या जागेचं पाणी घालायचं आणि शेगडीवर ठेवून समोर मांडी घालून बसायचं. जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे मलाही माहीत आहे. पण त्यासाठी उन्हात तासतासभर बसायचं? मी म्हणालो, "व्याही, कुकर लावा की." तर म्हणे, "कुकरात काय, दगड पण शिजतो." डाळ शिजली नाही की बोटांत दाणा चेपून बघणार, मान हलवणार, आणि चला. मीठ आणायचं मात्र दर वेळी विसरणार. ते माझी बायको ओळखून होती. निघताना माझ्या सदऱ्याच्या खिशात ती मिठाची पुडी घालायची आणि म्हणायची, "नानांना द्या. आणि चिडू नका हो."

अशा सात जागा झाल्या. सातही नापास. सातवी नापास झाली त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून ती घरी आली नाही.

दहाव्याला व्याही गोदाकाठी माझ्या शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. एक रात्र मागितली होती तिने, आणि हा माणूस डाळ शिजवत बसला. पुढे सणावाराला बोललो, पण तोंडदेखलं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीसाठी नातवंडांनी तंबूचा हट्ट धरला. लेक म्हणाली, "आप्पा, नानांबरोबर तुम्ही जा. तुम्ही धाक घातला तर एखादी जागा पास होईल." मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "आईसाठी जा." मग निघालो.

जागा धरणाच्या मागच्या अंगाला, एका नवराबायकोने स्वतःच्या शेतात केलेली. चार तंबू, दोन आंब्याची झाडं, पाण्यापर्यंत उतरणारी पायवाट. व्याही पडले, उठले. कडी लावली, काढली. बस एका दमात वळली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात खिशातून रुमाल निघाला. मालकीण बिचारी म्हणाली, "बाबा, जेवण आम्ही देतो ना. डाळ कशाला?" व्याही म्हणाले, "तुमची विहीर बोलंल, मग जेवू."

माझं डोकं फिरलं. "डाळ, डाळ, डाळ!" मी ओरडलो. "तुमच्या ह्या डाळीपायी ती तशीच गेली! कुठलीही जागा चालली असती तिला. गटाराच्या काठी तंबू ठोकला असता तरी हसत झोपली असती!"

मालकीण आत निघून गेली. व्याही शेगडीची ज्योत बारीक करत राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांना चाललीच असती. अट तुमच्यापायी होती."

"माझ्यापायी?"

"विहीणबाई म्हणाल्या, नाना, बाकी तुम्हाला काय बघायचं ते बघा, पण पाणी हलकं बघा. ह्यांना दात नाहीत, कवळी डबीत घालून ठेवतात. डाळ बोटाने चेपेल इतकी शिजली नाही तर हे नुसतं ताक पिऊन झोपतील, आणि सांगायचे नाहीत. मग मला कसली आली झोप?"

मी जीभ हिरड्यांवरून फिरवली. कवळी त्या दिवशीही घरी डबीतच होती.

"मग मला का नाही बोललात?"

"शपथ घातली होती. म्हणाल्या, त्यांना कळलं तर चिडतील."

"चिडलोच असतो," मी म्हणालो. खरं तेच. म्हणालो असतो, मला कुठेही काहीही चालतं, चला. आणि ताक पिऊन झोपलो असतो. एवढा जन्म मी तेच करत आलो, आणि तिला ते कळत नाही असं समजत आलो.

थोड्या वेळाने व्याह्यांनी पळीवर एक दाणा घेतला, बोटांत धरला. तो लोण्यासारखा पसरला. ते बराच वेळ बोटांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पानी गोड शे."

जागा ठरली. दिवाळीनंतर सगळे जाणार आहोत. चहा कोण करणार यावरून नातवंडांची आत्तापासून भांडणं चालली आहेत. मी सांगून टाकलं आहे, चहा मी करणार.

त्या दिवशी व्याह्यांनी दोन वाट्यांत डाळ वाढली. बसच्या पायरीवर आम्ही शेजारी शेजारी बसलो. मागे तिच्या साडीचा पडदा वाऱ्याने आत-बाहेर होत होता. मी एक घास घेतला आणि सवयीने खेकसलो, "मीठ कुठाय?"

व्याह्यांनी माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

डाळ मऊ होती. अळणीच संपवली.