ढेपेची पोती

काल पुढच्या ट्रॅक्टरमधून सरकीच्या ढेपेचा तेलकट वास आला आणि सपाट रस्त्यावरही माझी गाडी हळू झाली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सकाळी माय गोठ्यात घसरली, कंबरेचं हाड मोडलं, आणि राळेगावहून यवतमाळला न्यायला शेजारच्या काकांची पिकअपच तेवढी मिळाली. मी मागे गादी अंथरत होते, तर काका ओरडले, “थांब वं! रिकामी गाडी लय उसळते. वजन पडलं का स्प्रिंगचे पाटे दबतात, मंग धक्का कमी बसते.” आपल्या गोठ्यातली ढेपेची पोती आणून त्यांनी गादीच्या दोन्ही बाजूंना रचली. एरवी ब्रेकरवरून गाडी उडवत नेणारा तो तापट माणूस त्या दिवशी प्रत्येक ब्रेकरआधी जवळजवळ थांबत होता. पुढची चाकं हळूच उतरायची, मग मागची, आणि माय माझं मनगट आवळायची. “अजून किती ब्रेकर हायेत वं?” “हा शेवटचाच, माय.” कळंब मागे पडल्यावर तिने विचारणंच सोडलं. ऑपरेशनच्या आधीच ती गेली. परतताना ती त्याच गादीवर होती, बाजूला तीच पोती. पहिला ब्रेकर आला आणि काकांनी गाडी तशीच, अगदी अलगद उतरवली. मी मागच्या खिडकीतून म्हटलं, “काका, आता कायले?” पुढचा ब्रेकरही त्यांनी तसाच उतरवला. मग म्हणाले, “मालूम हाय मले. पाय आयकत नाही.” माझी आताची गाडी इतकी नरम आहे की ब्रेकर कळतही नाही. पण काल मागचे हॉर्न वाजवत राहिले आणि मी पुटपुटत होते, हा शेवटचाच, माय.